फिनाले दाहोआम

फिनाले दाहोआम (बव्हेरियन बोलीतील अर्थ: 'घरचा अंतिम सामना') हे १९ मे २०१२ रोजी जर्मनीतील म्युनिक शहरात खेळल्या गेलेल्या युएफा चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्याला यजमान संघाच्या चाहत्यांनी आणि जर्मन प्रसारमाध्यमांनी दिलेले नाव आहे. या सामन्यात बायर्न म्युनिक या स्थानिक क्लबचा इंग्लंडच्या चेल्सी क्लबने स्वतःच्याच मैदानावर पेनल्टी शूटआउटमध्ये ४–३ असा पराभव केला. निर्धारित वेळ आणि अतिरिक्त वेळ संपल्यावर सामना १–१ असा बरोबरीत होता.

सामन्यापूर्वी अपेक्षा आणि अभिमान व्यक्त करण्यासाठी वापरले जाणारे हे नाव सामन्यानंतर एका सामूहिक दुःखाचे प्रतीक बनले. पराभवानंतर चाहत्यांनी दिलेल्या प्रतिक्रिया एकसारख्या नव्हत्या. त्यांत स्तब्धता, खेळाडूंविषयीची सहानुभूती, रोष आणि निष्ठेचा पुनरुच्चार असे परस्परविरोधी प्रवाह दिसून आले. विशेषतः डच आघाडीपटू आर्येन रॉबेन याच्याविरुद्ध सामन्यानंतर तीनच दिवसांनी त्याच मैदानावर झालेली शिट्ट्यांची हुल्लड चर्चेचा विषय ठरली. वर्षभरानंतर, २५ मे २०१३ रोजी, रॉबेनच्याच गोलमुळे बायर्नने हा करंडक जिंकला. या घटनाक्रमामुळे फिनाले दाहोआम हे फुटबॉल संघ आणि त्याचे चाहते यांच्यातील नात्याचे एक ठळक उदाहरण मानले जाते.

## नाव

'दाहोआम' हा प्रमाण जर्मनमधील 'घरी' या अर्थाच्या शब्दाचा बव्हेरियन बोलीतील उच्चार आहे. बायर्न म्युनिक हा आंतरराष्ट्रीय ख्यातीचा क्लब असला तरी त्याने आपली बव्हेरियन ओळख जाणीवपूर्वक जपली आहे. 'आम्ही म्हणजे आम्हीच' अशा अर्थाचे 'मिया सान मिया' हे क्लबचे घोषवाक्यही याच बोलीत आहे. 'फिनाले दाहोआम' या शब्दप्रयोगामागे केवळ सामन्याचे ठिकाण सांगण्याचा हेतू नव्हता. युरोपातील सर्वांत मोठी क्लब स्पर्धा आपल्या गावात, आपल्या बोलीत आणि आपल्या माणसांसमोर जिंकण्याची आकांक्षा त्यातून व्यक्त होत होती.

## पार्श्वभूमी

### म्युनिकची निवड

युएफाने अंतिम सामन्यासाठी म्युनिकच्या उत्तरेकडील फ्रोटमानिंग भागातील अलायंझ अरेना या मैदानाची निवड जानेवारी २००९ मध्ये केली. २००५ साली खुले झालेले हे मैदान त्या काळी बायर्न म्युनिक आणि १८६० म्युनिक या दोन्ही स्थानिक क्लबांचे घर होते. युएफाच्या प्रायोजकविषयक नियमांमुळे सामन्याच्या दिवशी त्याचा उल्लेख 'फुसबॉल अरेना म्युन्शन' असा करण्यात आला. यापूर्वी म्युनिकच्या ऑलिंपिक मैदानावर युरोपियन चषकाचे आणि चॅम्पियन्स लीगचे अंतिम सामने १९७९, १९९३ आणि १९९७ मध्ये झाले होते. मात्र त्यांपैकी एकाही सामन्यात बायर्नचा संघ नव्हता.

निवड जाहीर झाल्यापासूनच २०१२ चा अंतिम सामना बायर्नने खेळावा, ही चाहत्यांची इच्छा होती. २०१०–११ च्या हंगामात संघ बुंडेसलीगात तिसऱ्या स्थानावर राहिल्याने त्याला चॅम्पियन्स लीगमध्ये थेट प्रवेश मिळाला नाही. ऑगस्ट २०११ मध्ये स्वित्झर्लंडच्या एफ.सी. झ्युरिकविरुद्धची पात्रता लढत जिंकून त्याने मुख्य स्पर्धेत स्थान मिळवले.

### जुन्या जखमा

बायर्नच्या चाहत्यांच्या स्मृतीत युरोपीय पराभवांची एक मालिका होती. २६ मे १९९९ रोजी बार्सिलोनात झालेल्या अंतिम सामन्यात बायर्न ९० मिनिटे संपेपर्यंत १–० असा आघाडीवर होता. भरपाईच्या वेळेत मँचेस्टर युनायटेडने दोन गोल करून करंडक हिरावून घेतला. २००१ मध्ये व्हॅलेन्सियाला शूटआउटमध्ये हरवून क्लबने युरोपियन विजेतेपद मिळवले. त्यानंतर २०१० च्या माद्रिद येथील अंतिम सामन्यात इटलीच्या इंटर मिलानने त्याला २–० असे नमवले.

### २०११–१२ चा हंगाम

प्रशिक्षक युप हाइन्केस यांच्या मार्गदर्शनाखाली बायर्नने नापोली, मँचेस्टर सिटी आणि व्हियारेयाल यांचा समावेश असलेल्या गटात पहिले स्थान मिळवले. उपउपांत्यपूर्व फेरीत बासेलविरुद्ध पहिला सामना ०–१ असा गमावल्यावर घरच्या मैदानावर त्याने ७–० असा विजय मिळवला. उपांत्यपूर्व फेरीत मार्सेलला दोन्ही सामन्यांत २–० असे हरवले. उपांत्य फेरीत रेयाल माद्रिदविरुद्धचे दोन सामने मिळून ३–३ अशी बरोबरी झाली. २५ एप्रिल २०१२ रोजी माद्रिदमध्ये झालेल्या शूटआउटमध्ये बायर्न ३–१ असा विजयी झाला. निर्णायक पेनल्टी उपकर्णधार बास्टियान श्वाइनस्टायगर याने मारली, तर त्याच सामन्याच्या निर्धारित वेळेत रॉबेनने एक महत्त्वाची पेनल्टी गोलमध्ये उतरवली होती.

देशांतर्गत स्पर्धांत मात्र संघाची निराशा झाली. ११ एप्रिल रोजी बोरुसिया डॉर्टमुंडविरुद्ध १–० असा पराभव होत असताना रॉबेनची पेनल्टी गोलरक्षकाने अडवली. बुंडेसलीगाचे विजेतेपद डॉर्टमुंडकडे गेले. १२ मे रोजी जर्मन चषकाच्या अंतिम सामन्यात त्याच संघाने बायर्नला ५–२ असे पराभूत केले. त्यामुळे संपूर्ण हंगामाचे यश एकाच सामन्यावर अवलंबून राहिले आणि तो सामना घरच्या मैदानावर होणार होता.

## सामन्याचा दिवस

दोन्ही संघांच्या समर्थकांना प्रत्येकी १७,५०० तिकिटे देण्यात आली होती. मैदानात ६२,५०० प्रेक्षक उपस्थित होते. प्रत्यक्ष सामना पाहू शकणाऱ्यांपेक्षा तिकीट न मिळालेल्यांची संख्या कितीतरी मोठी होती. त्यांच्यासाठी ऑलिंपिक मैदानावर आणि ऑक्टोबरफेस्ट भरतो त्या टेरेझिएनवीझे या मोकळ्या जागेत मोठ्या पडद्यांवर प्रक्षेपणाची सोय करण्यात आली. शहरातील बिअर उद्याने, चौक आणि उपाहारगृहेही लाल-पांढऱ्या रंगांनी भरून गेली होती.

बायर्नचे निष्ठावंत समर्थक मैदानाच्या दक्षिण बाजूच्या प्रेक्षागारात, म्हणजे 'झ्युडकुर्व' येथे बसतात. सामना सुरू होण्यापूर्वी या भागात 'आमचे शहर, आमचे मैदान, आमचा करंडक' अशा अर्थाचा भव्य फलक झळकवण्यात आला. पुढील काळात या फलकाचा उल्लेख कधी अभिमानाने, तर कधी उपरोधाने होत राहिला.

### सामन्याचा वृत्तांत

निलंबनामुळे बायर्नकडून डाव्हिड आलाबा, होल्गर बाडश्टुबर आणि लुईझ गुस्ताव्हो खेळू शकले नाहीत. चेल्सीलाही कर्णधार जॉन टेरीसह चार खेळाडूंना मुकावे लागले. इंग्लिश प्रीमियर लीगमध्ये सहाव्या स्थानावर राहिलेल्या चेल्सीची धुरा हंगामी प्रशिक्षक रोबेर्तो दी मातेओ यांच्याकडे होती.

चेंडूवर बहुतांश काळ बायर्नचे नियंत्रण होते. बायर्नला एकूण २० कॉर्नर किक मिळाल्या, तर चेल्सीला केवळ १. ८३ व्या मिनिटाला थॉमस म्युलरने डोक्याने गोल करून बायर्नला आघाडी मिळवून दिली. त्यानंतर बचाव भक्कम करण्यासाठी म्युलरला बाहेर बोलावून बचावपटू डॅनियल व्हान बॉयटनला मैदानात उतरवण्यात आले. ८८ व्या मिनिटाला चेल्सीने आपल्या एकमेव कॉर्नर किकवर बरोबरी साधली. हुआन माताने दिलेला चेंडू दिदिये द्रोग्बाने डोक्याने गोलमध्ये धाडला.

अतिरिक्त वेळेच्या सुरुवातीलाच द्रोग्बाने फ्रँक रिबेरीला पेनल्टी क्षेत्रात पाडल्याने बायर्नला पेनल्टी मिळाली. रॉबेनने मारलेला चेंडू गोलरक्षक पेत्र चेकने अडवला. पुढे गोल न झाल्याने निकाल शूटआउटवर गेला. हे शूटआउट बायर्नच्या समर्थकांच्या बाजूच्या गोलवर घेण्यात आले.

### शूटआउटचा क्रम

- फिलिप लाम (बायर्न) – गोल. हुआन माता (चेल्सी) – अडवली
- मारियो गोमेझ (बायर्न) – गोल. डेव्हिड लुईझ (चेल्सी) – गोल
- मानुएल नॉयर (बायर्न) – गोल. फ्रँक लॅम्पार्ड (चेल्सी) – गोल
- इविका ओलिच (बायर्न) – अडवली; ॲशली कोल (चेल्सी) – गोल
- बास्टियान श्वाइनस्टायगर (बायर्न) – खांबावर. दिदिये द्रोग्बा (चेल्सी) – गोल

पहिल्याच फेरीत चेल्सीची पेनल्टी अडवली गेल्याने तीन फेऱ्यांनंतर बायर्न ३–२ असा पुढे होता. चौथ्या आणि पाचव्या फेरीत चित्र पालटले. रॉबेनची पेनल्टी धरून बायर्नच्या सहाही पेनल्टींवर चेकने योग्य दिशेला झेप घेतली होती. द्रोग्बाच्या गोलमुळे चेल्सीने चॅम्पियन्स लीगचे आपले पहिले विजेतेपद मिळवले. हा करंडक जिंकणारा तो लंडनमधील पहिला क्लब ठरला.

## चाहत्यांची प्रतिक्रिया

### स्तब्धता

पराभवानंतरची पहिली आणि सर्वांत व्यापक प्रतिक्रिया शांततेची होती. चेल्सीचे समर्थक आपल्या बाजूला जल्लोष करीत असताना दक्षिणेकडील प्रेक्षागारात अनेक जण जागेवरच बसून राहिले. श्वाइनस्टायगरने जर्सी ओढून आपला चेहरा झाकल्याचे छायाचित्र त्या रात्रीची ओळख बनले. ऑलिंपिक मैदान आणि टेरेझिएनवीझे येथे जमलेला समुदायही उत्सव न करताच पांगला.

या दुःखाला सामन्याच्या स्वरूपामुळे विशेष धार आली. बायर्नचा संघ निष्प्रभ ठरून हरला नव्हता. नियमित वेळेची अवघी काही मिनिटे उरली असताना तो आघाडीवर होता. अतिरिक्त वेळेत त्याला पेनल्टी मिळाली, आणि शूटआउटमध्येही तोच आधी पुढे गेला. विजय तीन वेळा हाताशी येऊन निसटल्याने 'काय झाले असते' हा प्रश्न चाहत्यांच्या चर्चेत दीर्घकाळ राहिला. म्युलरला बाहेर काढण्याचा निर्णय, कॉर्नर किकवरील बचाव आणि पेनल्टी मारणाऱ्या खेळाडूंची निवड या तीन गोष्टींवर वाद होत राहिले.

### खेळाडूंविषयीची सहानुभूती

निर्णायक पेनल्टी हुकवूनही श्वाइनस्टायगरविषयी चाहत्यांमध्ये मुख्यतः सहानुभूतीची भावना होती. उत्तर बव्हेरियात नव्हे, तर म्युनिकच्या आसमंतातील ऊर्ध्व बव्हेरियात जन्मलेला आणि किशोरवयापासून क्लबच्या प्रशिक्षण व्यवस्थेत घडलेला हा खेळाडू चाहत्यांना आपल्यातलाच वाटत असे. मैदानात त्याचे नाव पुकारले जाताना प्रेक्षक 'फुटबॉलचा देव' अशी साथ देत.

गोलरक्षक नॉयरची स्थिती अधिक लक्षणीय होती. २०११ मध्ये शाल्क क्लबकडून त्याला घेण्याच्या हालचाली सुरू असताना बायर्नच्या कडव्या समर्थकांनी 'नॉयर नको' अशा अर्थाचे 'कोआन नॉयर' हे फलक मैदानात झळकवले होते. तो शाल्कच्या समर्थकांमधूनच पुढे आलेला असल्याने त्याला स्वीकारण्यास त्यांचा विरोध होता. अंतिम सामन्याच्या शूटआउटमध्ये मात्र त्याने माताची पेनल्टी अडवली आणि गोलरक्षक असूनही तिसरी पेनल्टी स्वतः मारून गोल केला. पराभवातही ज्यांचा मान वाढला, अशा मोजक्या खेळाडूंत त्याची गणना झाली.

### रॉबेनविरुद्धचा रोष

रॉबेनच्या वाट्याला वेगळी प्रतिक्रिया आली. तिला तात्कालिक कारणांबरोबरच जुनी पार्श्वभूमीही होती. २०१० च्या विश्वचषकात तो नेदरलँड्सकडून दुखापतग्रस्त स्थितीत खेळला आणि स्पर्धेनंतर स्नायूच्या गंभीर दुखापतीमुळे बायर्नकडून अनेक महिने खेळू शकला नाही. क्लबने डच फुटबॉल संघटनेकडे भरपाई मागितली. अखेर बायर्न आणि नेदरलँड्सचा राष्ट्रीय संघ यांच्यात एक मैत्रीपूर्ण सामना खेळवून वाद मिटवण्याचे ठरले.

हा सामना २२ मे २०१२ रोजी, म्हणजे अंतिम सामन्यानंतर अवघ्या तीन दिवसांनी, त्याच मैदानावर झाला. बायर्नने तो ३–२ असा जिंकला. उत्तरार्धात रॉबेन नेदरलँड्सच्या जर्सीत बदली खेळाडू म्हणून उतरला, तेव्हा बायर्नच्याच प्रेक्षकांपैकी अनेकांनी शिट्ट्या वाजवून त्याची हुर्यो उडवली. त्याच्या पायाशी चेंडू येताच हा प्रकार पुन्हा पुन्हा घडला. डच प्रशिक्षक बेर्त व्हान मारवाइक यांनी प्रेक्षकांच्या या वागणुकीवर टीका केली.

काही आठवड्यांत दोन महत्त्वाच्या पेनल्टी हुकल्या होत्या, पहिली डॉर्टमुंडविरुद्ध आणि दुसरी चेल्सीविरुद्ध. त्यामुळे चाहत्यांच्या एका गटाला संपूर्ण हंगामाच्या अपयशासाठी एक चेहरा सापडला. रॉबेन सहकाऱ्यांकडे चेंडू न देता स्वतःच गोल करण्याचा प्रयत्न करतो, ही त्याच्याविषयीची जुनी तक्रारही यावेळी पुन्हा पुढे आली. परंतु संघाला अंतिम फेरीत नेण्यात त्याचा वाटा मोठा होता आणि माद्रिदमधील त्याची पेनल्टी नसती, तर घरचा अंतिम सामना झालाच नसता, याकडे दुसऱ्या गटाने लक्ष वेधले. क्लबने त्याच महिन्यात त्याचा करार २०१५ पर्यंत वाढवला होता. पराभवानंतरही क्लबने त्याला संघात कायम ठेवले.

### प्रतिस्पर्धी चाहते

जर्मनीतील इतर क्लबांच्या चाहत्यांमध्ये या पराभवाची थट्टाही झाली. अखेरच्या क्षणी सामने जिंकण्याच्या बायर्नच्या परंपरेला विरोधक उपहासाने 'बायर्नचे नशीब' म्हणत असत. यावेळी हेच नशीब उलटले, अशी त्यांची भावना होती. बुंडेसलीगा, जर्मन चषक आणि चॅम्पियन्स लीग या तिन्ही स्पर्धांत बायर्न उपविजेता ठरल्याने त्याची तुलना २००२ च्या बायर लेव्हरकुसेनशी करण्यात आली. त्या वर्षी लेव्हरकुसेनही तिन्ही स्पर्धांत दुसऱ्या स्थानावर राहिला होता.

## चाहत्यांच्या वर्तनाचे विश्लेषण

पराभवानंतर चाहते असे वेगवेगळे का वागतात, याविषयी सामाजिक मानसशास्त्रात बरेच संशोधन झाले आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट सियाल्डिनी आणि सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विद्यापीठांच्या फुटबॉल संघांचे उदाहरण घेतले होते. संघ जिंकल्यावर विद्यार्थी विद्यापीठाचे नाव असलेले कपडे अधिक प्रमाणात वापरतात आणि संघाविषयी बोलताना 'आम्ही जिंकलो' असे म्हणतात. संघ हरल्यावर मात्र 'ते हरले' असे म्हणण्याकडे कल असतो, असे त्यांना आढळले. विजयाच्या प्रकाशात स्वतः उजळून निघण्याची ही प्रवृत्ती होय. अपयशापासून स्वतःला दूर करणे ही तिची दुसरी बाजू आहे.

डॅनियल वॅन आणि नायला ब्रॅन्सकोम्ब यांनी १९९० मध्ये दाखवून दिले की, संघाशी ज्यांचे तादात्म्य अधिक असते, ते पराभवानंतर संघापासून दूर जात नाहीत. अशा चाहत्यांपुढे एक अडचण उभी राहते. संघ सोडणे त्यांना शक्य नसते आणि पराभव सहन करणेही कठीण असते. अपयशाचे खापर एखाद्या खेळाडूवर, प्रशिक्षकावर किंवा पंचावर फोडणे, हा या पेचातून सुटण्याचा एक मार्ग असतो. त्यामुळे संघ निष्कलंक राहतो आणि दोष एका व्यक्तीपुरता मर्यादित होतो. २२ मे रोजी रॉबेन दुसऱ्या संघाच्या जर्सीत असल्याने त्याला 'आपल्यांतून' वेगळे काढणे अधिक सोपे झाले, असा अर्थ या सिद्धान्ताच्या आधारे लावता येतो.

अशा सामन्यांचा ताण केवळ मानसिक नसतो. २००६ च्या विश्वचषकादरम्यान म्युनिक आणि परिसरातच केलेला एक वैद्यकीय अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. जर्मन संघाच्या सामन्यांच्या दिवशी हृदयविकाराशी संबंधित तातडीच्या घटना इतर काळाच्या तुलनेत २.६६ पट झाल्याचे त्यात आढळले. पुरुषांमध्ये हे प्रमाण ३.२६ पट, तर स्त्रियांमध्ये १.८२ पट होते.

जर्मनीतील क्लबरचनाही या संदर्भात महत्त्वाची आहे. तेथील नियमांनुसार व्यावसायिक क्लबमधील निर्णायक मताधिकार सर्वसाधारणपणे सभासदांच्या संघटनेकडे राहतो. त्यामुळे चाहते स्वतःला केवळ प्रेक्षक मानत नाहीत, तर क्लबचे भागधारक समजतात. 'आमचा करंडक' ही भाषा या रचनेतून आलेली आहे, आणि पराभवानंतर जाब विचारण्याचा अधिकारही ते त्यातूनच घेतात.

## परिणाम

### राष्ट्रीय संघ

अंतिम सामन्यानंतर काही आठवड्यांतच युरो २०१२ स्पर्धा सुरू झाली. जर्मन संघात बायर्नचे आठ खेळाडू होते. जर्मनीने गटातील तिन्ही सामने जिंकले, परंतु २८ जून रोजी उपांत्य फेरीत इटलीने त्यांना २–१ असे हरवले. त्यामुळे बायर्नचे हे खेळाडू पराभवाच्या छायेतून बाहेर पडण्यापूर्वीच दुसऱ्या निराशेला सामोरे गेले.

### क्लबमधील बदल

जुलै २०१२ मध्ये क्रीडा संचालक क्रिस्टियान नेर्लिंगर यांच्या जागी मथियास झामर यांची नेमणूक झाली. मारियो मांजुकिच, दांते आणि जेर्दान शाचिरी यांना संघात घेण्यात आले. मध्यरक्षक हावी मार्टिनेझसाठी क्लबने ४ कोटी युरो मोजले; ही त्या वेळी बुंडेसलीगातील विक्रमी रक्कम होती. हाइन्केस यांना प्रशिक्षकपदी कायम ठेवण्यात आले.

चाहत्यांनी क्लबकडे पाठ फिरवली नाही. सभासदांची संख्या पुढील वर्षांतही वाढत राहिली आणि २०१४ मध्ये तिने अडीच लाखांचा टप्पा ओलांडला.

### वेम्ब्ली, २०१३

२०१२–१३ च्या हंगामात बायर्नने ९१ गुणांसह बुंडेसलीगा जिंकली. दुसऱ्या क्रमांकावरील डॉर्टमुंडपेक्षा त्याचे २५ गुण अधिक होते. चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य फेरीत त्याने बार्सिलोनाला दोन सामन्यांत मिळून ७–० असे हरवले. हंगामाच्या बऱ्याच भागात रॉबेनला संघात निश्चित स्थान नव्हते. एप्रिल २०१३ मध्ये युव्हेंटसविरुद्ध टोनी क्रोस जखमी झाल्यावर त्याला पुन्हा नियमित संधी मिळाली.

२५ मे २०१३ रोजी लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर डॉर्टमुंडविरुद्ध अंतिम सामना झाला. पूर्वार्धात रॉबेनने गोलच्या काही चांगल्या संधी दवडल्या. ६० व्या मिनिटाला त्याच्या पासवर मांजुकिचने गोल केला. इल्काय गुंडोगानने पेनल्टीवर बरोबरी साधली. ८९ व्या मिनिटाला रॉबेनने निर्णायक गोल करून बायर्नला २–१ असा विजय मिळवून दिला. १ जून रोजी बायर्नने जर्मन चषकही जिंकला आणि एकाच हंगामात हे तिन्ही करंडक मिळवणारा तो पहिला जर्मन क्लब ठरला. वर्षभरापूर्वी ज्याची हुर्यो उडवली गेली, तोच खेळाडू आता क्लबच्या इतिहासातील सर्वांत लाडक्या खेळाडूंपैकी एक बनला. रॉबेन २०१९ पर्यंत बायर्नकडून खेळला.

३० ऑगस्ट २०१३ रोजी प्राग येथे युएफा सुपर चषकासाठी बायर्न आणि चेल्सी पुन्हा समोरासमोर आले. सामना २–२ असा बरोबरीत सुटल्यावर शूटआउटमध्ये बायर्नने पाचही पेनल्टी गोलमध्ये उतरवून ५–४ असा विजय मिळवला.

## घरच्या मैदानावरील इतर अंतिम सामने

युरोपियन चषक आणि चॅम्पियन्स लीगच्या इतिहासात २०१२ पर्यंत चार संघांनी स्वतःच्या मैदानावर अंतिम सामना खेळला.

- १९५७: रेयाल माद्रिद, माद्रिद – फिओरेंतिनाविरुद्ध २–० असा विजय
- १९६५: इंटर मिलान, मिलान – बेनफिकाविरुद्ध १–० असा विजय
- १९८४: रोमा, रोम – लिव्हरपूलविरुद्ध १–१ बरोबरीनंतर शूटआउटमध्ये पराभव
- २०१२: बायर्न म्युनिक, म्युनिक – चेल्सीविरुद्ध १–१ बरोबरीनंतर शूटआउटमध्ये पराभव

रोमाचा पराभव बायर्नच्या पराभवाशी विलक्षण साम्य दाखवतो. तेथेही इटलीचे विश्वविजेते खेळाडू ब्रुनो काँती आणि फ्रांचेस्को ग्रात्सियानी यांच्या पेनल्टी हुकल्या. मात्र ३० मे १९८४ च्या त्या रात्री रोमच्या रस्त्यांवर लिव्हरपूलच्या समर्थकांवर हल्ले झाले. युएफा चषकात पोर्तुगालच्या स्पोर्टिंग क्लबलाही असाच अनुभव आला. १८ मे २००५ रोजी लिस्बनमधील आपल्या मैदानावरील अंतिम सामन्यात तो सीएसकेए मॉस्कोकडून ३–१ असा पराभूत झाला.

## वारसा

'फिनाले दाहोआम' हा शब्दप्रयोग आजही जर्मन क्रीडाविषयक लेखनात वापरला जातो. घरच्या मैदानावर अंतिम सामना खेळण्याची कोणत्याही संघाची संधी सांगताना तो येतो, आणि अतिआत्मविश्वासाविरुद्धचा इशारा म्हणूनही त्याचा उल्लेख होतो. २०२५ च्या चॅम्पियन्स लीग अंतिम सामन्यासाठी म्युनिकची पुन्हा निवड झाल्यावर बायर्नच्या चाहत्यांमध्ये हे नाव नव्याने चर्चेत आले. यावेळी उपांत्यपूर्व फेरीतच इंटर मिलानने बायर्नला दोन सामन्यांत मिळून ४–३ असे हरवले. ३१ मे २०२५ रोजी झालेल्या अंतिम सामन्यात पॅरिस सेंट-जर्मेनने इंटरवर ५–० असा विजय मिळवला आणि म्युनिकच्या संघाला आपल्या शहरात हा करंडक उंचावण्याची संधी दुसऱ्यांदा हुकली.

## हेही पहा

- बायर्न म्युनिक
- चेल्सी फुटबॉल क्लब
- अलायंझ अरेना
- आर्येन रॉबेन
- युएफा चॅम्पियन्स लीग
- पेनल्टी शूटआउट